एकवीस टक्के गंधक

आमच्या ऑफिसात श्रीपाद खांबेट्यांना सगळे ‘पायराइट साहब’ म्हणत, पण पाठीमागे. मी तोंडावर म्हणायची. एक तर माझी जीभ पहिल्यापासून तशीच, आणि दुसरं म्हणजे नोएडाच्या त्या चार मजली ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. मी सुनंदा देवल, राजभाषा अधिकारी. म्हणजे इंग्रजीत लिहिलेले रिपोर्ट कुणीही वाचणार नाही अशा हिंदीत उतरवायचे, हे माझं काम. खांबेटे प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांचे रिपोर्ट इंग्रजीतही कुणी वाचत नसे. त्यामुळे आमचं बरं जमायचं.

पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक एकत्र असलेला दगड. पितळेसारखा चमकतो, त्यामुळे नवख्या माणसाला सोनं वाटतो, आणि त्यावरचे तेच ते विनोद मी इतक्या वेळा ऐकलेत की आता हसूही येत नाही. हा दगड दळून भट्टीत भाजला की गंधकाचा धूर निघतो. त्या धुरातून ॲसिड करता येतं किंवा पुन्हा पिवळं गंधक मिळवता येतं. खतांच्या कारखान्यांना ते हवं असतं, आणि ते येतं बाहेरून, जहाजाने. म्हणून सरकारने एक महामंडळ काढलं. राजस्थानात एका डोंगराच्या पोटात पायराइट सापडला होता. तिथे खाण उभी करायची, शेजारी मोठी भट्टी बांधायची आणि देशाचं गंधक देशातच काढायचं, असं ठरलं. ते एकाहत्तर साल होतं. खांबेटे वाईहून आलेले तरणे इंजिनियर होते आणि त्यांच्या डोक्यावर तेव्हा म्हणे भरपूर केस होते.

पुढची बावीस वर्षं ती खाण ‘होणार’ होती. डोंगरात दोन बोगदे खणले, चाचणीपुरते. फाइल मंत्रालयात जायची, शेरा घेऊन परत यायची, पुन्हा जायची. मोठ्या भट्टीच्या जागी आमच्या ऑफिसमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी भट्टी होती, आणि खांबेटे तिच्यात खाणीतून आलेल्या दगडाची भुकटी भाजत बसायचे. अंगाला कायम विझलेल्या आगकाडीचा वास. त्यांच्या शर्टांना बारीक भोकं पडत. त्यांची बायको उत्तरा ते शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि म्हणायची, सवतीचे कपडे धुतेय. मुलीचं नाव पूर्वी, ती दिल्लीतच वाढलेली. शाळेत असताना एकदा तिने मला विचारलं, “मावशी, गंधक म्हणजे क्या होता है?” मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार, त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. ती म्हणाली, “अच्छा, सल्फर. मग असं बोलो ना.”

आम्ही सगळे एकाच सेक्टरमध्ये, महामंडळाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. चौऱ्याऐंशी साली महामंडळ दिल्लीहून इथे हलवलं तेव्हा संध्याकाळी कोल्हे ओरडत आणि उन्हाळ्यात यमुनेकडची वाळू पोळ्यांत यायची. एक्क्याण्णवनंतर मात्र चित्र झपाट्याने बदललं. रोज कुठे तरी नवा पाया खणलेला, रस्त्याच्या कडेला रेती-खडीचे ढीग, काचेच्या इमारती, परदेशी कंपन्यांच्या पाट्या. वीज तेवढी पूर्वीसारखीच जायची. आमच्यातले हुशार लोक एकेक करून खाजगीत गेले. खांबेट्यांच्या हाताखालचा विक्रांत नेहरू प्लेसच्या एका फर्ममध्ये लागला. ती फर्म काय करायची, तर जहाजाने गंधक मागवायची. ‘सर, तुम्हीपण या,’ असं तो मनापासून म्हणून गेला. खांबेट्यांनी त्याला चहा पाजला आणि पुन्हा भट्टीकडे गेले.

बाहेरच्या मालावरची जकात उतरली तसं बाहेरचं गंधक स्वस्त झालं, आणि मंत्रालयाला अचानक आठवलं की आपली एक खाण बावीस वर्षं होते आहे. समिती नेमली. त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये निकाल लागणार होता. एक तर खाण आणि भट्टी पुरी करा, नाही तर कुलूप लावा. समितीची अट सरळ होती. दगडात सरासरी अठ्ठावीस टक्के गंधक असेल तरच पुढे जायचं. खाणीतून येणाऱ्या नमुन्यांत दहा वर्षं एकतीसच्या आसपास आकडा येत होता, त्यामुळे खांबेटे निर्धास्त होते. चौपन्न वर्षांचे झाले होते. रिटायर होण्याआधी ती भट्टी पेटलेली बघायची, एवढी एकच त्यांची इच्छा राहिली होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

फेब्रुवारीत ते शेवटचे नमुने बघायला खाणीवर निघाले आणि मीही गेले. मला राजभाषा निरीक्षण करायचं होतं. राजस्थानातल्या डोंगरात लोक हिंदी वापरतात की नाही हे तपासायला दिल्लीहून मराठी बाई पाठवतात, सरकार असं चालतं. कोटपुतलीपर्यंत बस, पुढे महामंडळाची जीप. खाण म्हणजे उघडा डोंगर, दोन काळी तोंडं, पत्र्याची ऑफिसं, आणि साठवलेल्या दगडाच्या ढिगातून झिरपून डबक्यांत साचलेलं तांबूस पाणी. ते पाणी चपलांचे खिळे खातं. तिथे काम करणाऱ्या बायकांच्या पायातली चांदी काळी पडलेली होती.

नमुन्यांचं काम हरिदास बघायचा. साठीकडे झुकलेला, मोठ्या पागोट्याचा, खांबेट्यांना देव मानणारा माणूस. ते दोघं बोगद्यात गेले आणि मी बाहेर खेजडीच्या झाडाखाली चहा घेत बसले. समोर पाच-सात बायका बोगद्यातून काढलेल्या दगडाच्या ढिगाभोवती बसून हातोडीने तुकडे करत होत्या आणि तुकडे सुपात घेऊन निवडत होत्या. चमकणारं एकीकडे, करडं-काळं दुसरीकडे. इतक्या झरझर आणि इतक्या नेटक्या, की मला माझ्या आईचे हात आठवले. तासभर मी ते बघत बसले. खरं सांगायचं तर त्या सगळ्या दौऱ्यात मला आवडलेली ती एकच गोष्ट.

परतताना जीप पाच-सहा किलोमीटर गेली असेल. बोलायचं म्हणून मी म्हटलं, “तुमच्या त्या बायका काय सुंदर निवडतात हो. एक खडा राहू देत नाहीत.”

खांबेट्यांनी विचारलं, कसला खडा. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, कुठल्या ढिगाशी बसल्या होत्या, गोण्यांवर दिल्लीची पाटी होती का. मी म्हटलं, होती. त्यांनी ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली. मी काही तरी मोठं बोलून बसले आहे एवढं मला कळलं.

नमुना घ्यायची एक रीत असते, ती त्यांनी मला पुढे समजावली. बोगद्यातून निघेल तो सगळा दगड, चांगला-वाईट, एकत्र ढीग करायचा. ढीग चपटा करायचा, भाकरी मोडावी तसे त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेले दोन मिसळून पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत एक गोणी उरते, आणि त्या गोणीत डोंगर जसा आहे तसा येतो. मध्ये हात घालायचा नाही. हरिदास आणि त्याच्या हाताखालच्या बायका ढीग करायच्या आधीच करडा दगड काढून टाकत होत्या. दहा वर्षं. त्यामुळे नोएडाच्या भट्टीत डोंगर कधी आलाच नव्हता, त्यातलं वेचक तेवढं आलं होतं.

हरिदासला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. खांबेट्यांनी विचारल्यावर तो उलट अभिमानाने म्हणाला, “साहब, बेटी के ससुराल अनाज भेजते हैं तो बीनकर ही भेजते हैं। यह तो दिल्ली जा रहा था।”

खांबेटे त्याच्यावर ओरडले नाहीत. मी असते तर ओरडले असते, आणि मूर्खासारखी ओरडले असते. ते तीन दिवस तिथेच राहिले. मीही अडकले, कारण जीप एकच होती. त्यांनी स्वतः फावडं घेऊन दोन्ही बोगद्यांतून नवे नमुने घेतले. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. हरिदास लांब उभा राहून बघत होता. नोएडाला येऊन त्यांनी ते भाजले, मोजले, पुन्हा भाजले. आकडा एकवीस आला.

पुढचे तीन आठवडे हा आकडा फक्त त्यांना आणि मला माहीत होता. ते रोज वेळेवर यायचे, शेडमध्ये जाऊन बसायचे. भट्टी बंद. संध्याकाळी सेक्टरच्या बाजारातून भाजी घेऊन घरी. उत्तराने मला विचारलं, बरं नाही का त्यांना, आणि मी थाप मारली. मला खरंच वाईट वाटत होतं, पण घाबरलेही होते. महामंडळ बंद झालं तर मराठी बाईकडून हिंदी कोण लिहून घेणार होतं? माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा साकेत अजून कॉलेजात होता.

म्हणून एक दिवस शेडमध्ये जाऊन मी त्यांना म्हटलं, “एकतीस लिहा. दहा वर्षं एकतीसच येतोय. कोण बघायला येणार आहे?” मी हे म्हटलं हे कबूल करायला मला आज लाज वाटते, पण म्हटलं.

ते चिडले नाहीत. दमलेल्या माणसाला चिडणंही जड जातं. ते म्हणाले, “सुनंदाबाई, समितीला एकतीस सांगता येईल हो. भट्टीला कसं सांगणार? एकवीस टक्क्यांवर ती आपण होऊन पेटती राहत नाही, कोळसा घालून जाळत बसावी लागते. डोंगर पोखरायचा, चारशे माणसं कामाला लावायची, आणि दोन वर्षांनी ती विझलेली बघायची.” मग म्हणाले, “दहा वर्षं दर महिन्याला तोच आकडा. डोंगर कुठे इतका एकसारखा असतो? हे मला कळायला हवं होतं. पण आकडा आवडला की माणूस त्याला प्रश्न विचारत नाही.”

मला तेव्हा त्यांचा राग आला. तत्त्वं पाळणाऱ्या माणसांचा मला नेहमीच राग येतो, कारण त्याची झळ शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागते. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्टाची शेवटची चार पानं माझ्या टेबलावर ठेवली. त्यात एकवीस लिहिलं होतं. चूक कशी झाली तेही लिहिलं होतं, पण हरिदासचं नाव कुठे नव्हतं. नमुने कसे घ्यायचे हे खाणीवरच्या लोकांना प्रयोगशाळेने कधीही बसून शिकवलं नाही, दहा वर्षांत प्रमुखाने एकदाही नमुना घेताना हजर राहून पाहिलं नाही, ही जबाबदारी माझी, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि खाली सही.

एप्रिलमध्ये समिती बसली. खांबेट्यांना बाहेर बाकावर अडीच तास बसवून ठेवलं आणि आत बोलावलंच नाही. आठवड्याने इतिवृत्त आलं, ते हिंदीत करायला माझ्याकडेच. जकातीबद्दल, जहाजांबद्दल, नव्या धोरणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. खनिज निकृष्ट असल्याचं प्रयोगशाळा प्रमुखांनी स्वतः मान्य केल्यामुळे प्रकल्प बंद करण्यात येत आहे, एवढंच. सगळ्यांना हवं होतं ते कारण खांबेट्यांनी आपल्या हाताने लिहून दिलं होतं. ते वाक्य मी तीनदा टाइप केलं, कारण दोनदा हात चुकला.

खाणीला कुलूप लागलं. नोएडाचं ऑफिस गुंडाळायला आणखी वर्ष-दीड वर्ष लागणार होतं. सरकारात बंद करायलाही माणसं लागतात. मी त्यात राहिले. खांबेट्यांना काम उरलं नाही, पण हजेरी होती. ऑफिसातले लोक त्यांना टाळू लागले. ‘पायराइट साहब’ असं आता पाठीमागेही कुणी म्हणेना. ते अचानक म्हातारे दिसू लागले. त्यांची मुलगी पूर्वी मला म्हणाली, बाबा आजकल टीव्हीपण बघत नाहीत, नुसते बाल्कनीत बसतात, समोरची बिल्डिंग बनताना बघतात.

नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी हरिदास आला. रात्रभर बसने प्रवास करून, पत्ता विचारत विचारत. उत्तराने मला खालच्या मजल्यावरून बोलावून घेतलं. खांबेट्यांनी त्याला सोफ्यावर बसवलं, तो मात्र पुढच्या कडेवर टेकून बसला. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली. मग त्याने कामाचं काढलं. त्याच्या गावापासून जवळ एक सिमेंटचा कारखाना निघाला होता. त्यांना चुनखडीचे नमुने घेणारा जाणता माणूस हवा होता. साहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या, की हरिदास नमुन्याचं काम उत्तम करतो, तर या वयातही ते त्याला घेतील. मुलाच्या वीटभट्टीवरच्या मजुरीवर घर चाललं होतं. या कागदाशिवाय त्याला दुसरं काही नको होतं.

उत्तरा पटकन कागद आणायला उठली. खांबेट्यांनी मात्र पेन उचललं नाही. मला वाटलं, लिहा ना आता, एवढं तर लिहा. ज्या माणसाने आपल्या भट्टीसाठी खोटं लिहिलं नाही तो हरिदाससाठी लिहील का, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि हरिदासला तर काहीच कळत नव्हतं. तो हात जोडून बसला होता.

खांबेटे उठले, चपला घातल्या आणि त्याला म्हणाले, नीचे आओ. मीही मागोमाग गेले.

समोर नव्या इमारतीचं काम चालू होतं. रविवार म्हणून मजूर नव्हते. फाटकाशी रेती आणि खडीचा मिसळलेला ढीग पडला होता, त्यात विटांचे तुकडे, चिंध्या, काय काय. खांबेट्यांनी चौकीदाराला सांगून एक फावडं घेतलं आणि हरिदासच्या हातात दिलं. म्हणाले, हा डोंगर आहे, मला याची एक गोणी दे. हरिदासने ढीग ओढला, कामसू माणसाचा हात होता. आणि सवयीने खाली वाकून विटेचा एक तुकडा उचलून बाजूला टाकला.

“रहने दो,” खांबेटे म्हणाले.

त्याने मान डोलावली, चार फावडी ओढली, आणि दुसरा तुकडा उचलला. खांबेट्यांनी त्याचं मनगट धरलं. “हरिदास, ये भी इसी ढेर का है।”

हरिदास तो तुकडा हातात धरून तसाच उभा राहिला. तो भोळा होता, मूर्ख नव्हता. फेब्रुवारीतले ते तीन दिवस त्याच्या डोळ्यांसमोर आले असावेत. मग त्याने विचारलं, “तो साहब, खदान हमारे हाथ से बंद हुई?”

नाही म्हणणं किती सोपं होतं. जहाजं होती, जकात होती, आणि ते सगळं अर्धं खरंही होतं. खांबेटे म्हणाले, “माल पहले से ही कम था। तुम बीनते रहे, इसलिए मुझे देर से पता चला। सिखाना मेरा काम था। मैंने नहीं सिखाया। आज सीख लो।”

हरिदासने विटेचा तुकडा परत ढिगात टाकला. मग दोघांनी मिळून तो ढीग चपटा केला, चार भाग केले, दोन टाकले, पुन्हा मिसळले. सहा वेळा. ऊन डोक्यावर आलं. खांबेट्यांना धाप लागली तरी ते बसले नाहीत. शेवटी गोणीभर उरलं त्यात रेती होती, खडी होती, विटेचा चुराही होता. खांबेट्यांनी ते हाताने चाळवून पाहिलं आणि मला म्हणाले, सुनंदाबाई, तुमच्या घरच्या टाइपरायटरवर दोन ओळी काढून द्या, हिंदीतच. हरिदास यांना नमुना घेण्याचं काम योग्य रीतीने येतं, मी स्वतः पाहिलं आहे.

मी घरी जाऊन ते टाइप करून आणलं. माझ्या सगळ्या नोकरीत लिहिलेलं हे एकच हिंदी असेल ज्याची कुणी तरी वाट बघत होतं. हरिदासने कागद चार वेळा घडी करून पागोट्यात खोचला, खांबेट्यांच्या पायाला हात लावला. निघताना फाटकाशी थांबला. म्हणाला, त्या बायका अजून भेटतात विहिरीवर. त्या एकच गोष्ट विचारतात, दिल्लीवाल्यांना आमचं काम पसंत पडलं नाही का. त्यांना काय सांगू?

खांबेट्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्टाला ती जुनी बारीक भोकं होतीच.

“उनसे कहना,” ते म्हणाले, “बहुत पसंद आया था।”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. मला तिथे उभं राहवेना म्हणून मी जिना चढून वर आले.